आडनावांची गावं



समितीने प्रत्येकाला सांगितलंय की नोकरीपलीकडे आपण काय करतो ते पंधरा मिनिटांत बोलायचं. माझी नोकरी सांगायला अर्धं मिनिट पुरेल. इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये शिरले, वीस वर्षं झाली, पाठ दुखते. बसं. उरलेल्या वेळात मी तुम्हाला एका सहलीबद्दल सांगणार आहे. ही सहल डिसेंबरात निघते आणि आपल्याच अलिबागला येते.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या तुकडीत इस्राएल आळीतली मी एकटीच होते. शनिवारी सकाळच्या शाळेला निघाले की माझी आजी रागवायची आणि नाही गेले की आपले वर्गशिक्षक. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना दहावीपर्यंत वाटत होतं की ‘इस्राएल’ ही आमची जात आहे. ज्यू म्हणजे काय, हे मलाही कॉलेजात गेल्यावर नीट कळलं. म्हणून आज थोडं सविस्तर बोलते.

अश्दोदला माझा चुलतभाऊ राहतो. तो आणि त्याचे काही मित्र मिळून इस्राएलमधल्या पंधरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना नऊ दिवसांसाठी इथे आणतात. हनुक्का नावाचा आमचा दिव्यांचा सण साधारण डिसेंबरात येतो, तेव्हा तिकडे शाळांना सुट्टी असते. वीस-बावीस मुलं आणि तीन मोठी माणसं. इथली बाजू मी सांभाळते, कारण मला मराठी येतं, कामापुरती हिब्रू येते आणि वेळापत्रक बनवायची खोड नोकरीने लावलेली आहे. मुलांपैकी निम्मी आपल्या रायगडातून गेलेल्या लोकांची नातवंडं. बाकीची त्यांच्या वर्गातली, कुणाचे आजोबा मोरोक्कोचे, कुणाचे पोलंडचे, कुणाचे इराकचे.

इतिहास शिकवण्यासाठी ज्यू मुलांना प्रवासाला नेणं ही जगभरातली रीत आहे. अमेरिकेतली मुलं इस्राएल बघायला जातात. इस्राएलमधल्या बऱ्याच शाळांतली अकरावी-बारावीची मुलं पोलंडला जातात. १९८८ पासून एक मोठी पदयात्रा निघते. तीत वेगवेगळ्या देशांतली तरुण मुलं आउश्वित्झपासून बिर्केनाऊपर्यंत सुमारे तीन किलोमीटर चालतात. ज्या छावण्यांमध्ये लाखो ज्यूंना मारलं, तिथून ती मुलं परत येतात तेव्हा बदललेली असतात. ते व्हायलाच हवं. तो इतिहास विसरण्यासारखा नाही.

पण त्यामुळे एक गोष्ट होते. सोळा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ‘ज्यूंचा इतिहास’ म्हटलं की रेल्वेचे डबे, काटेरी तारा आणि पळून जाणारी माणसं येतात. आपण कोण, याचं उत्तर त्याला ‘आपल्याला कुणी मारलं’ यातूनच सापडतं. तेच डोकं घेऊन तो मुंबईच्या विमानतळावर उतरतो.

पहिल्या दिवशी आम्ही त्यांना मशीद बंदरला नेतो. तिथल्या सॅम्युएल स्ट्रीटवर शार हारहमीम हे मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग आहे, १७९६ सालचं. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर इंग्रजांच्या पलटणीत होते. आमच्यात अशी गोष्ट सांगतात की म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. जातीने कोण, असं विचारल्यावर ‘बेने इस्राएल’ म्हणाले आणि टिपूच्या आईने रदबदली केली. हे नाव तिने कुराणात ऐकलेलं होतं. जिवंत परतलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, हा त्यांचा नवस. घरात आणि गावात त्यांचं नाव होतं समाजी हसाजी. सॅम्युएलचं समाजी, इझिकेलचं हसाजी. मुलं हे नाव दहादा म्हणून बघतात आणि हसतात. आमची माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आणि स्टेशनला ते नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. हे ऐकल्यावर मात्र ती हसायची थांबतात. त्यांच्या देशात हे दोन शब्द एका वाक्यात असे सहज येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही अलिबागला येतो. इथे बाजारात काय करतो ते ऐका. आमच्यात एक कथा आहे. कोचीनकडून डेव्हिड राहाबी नावाचे एक विद्वान कोकणात आले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक खरोखर ज्यू आहेत का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी बायकांपुढे सगळ्या तऱ्हेची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी घेतली, बाकीची बाजूला सारली. धर्मग्रंथातला नियम तोच आहे. पोथी त्यांच्याकडे नव्हती, ‘शमा’ ही एक प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती. नियम स्वयंपाकघरात टिकला होता.

तर आम्ही मुलांना गटागटाने मासळी बाजारात सोडतो आणि सांगतो, तुम्हीही निवडा. बांगडा चालेल, सुरमई चालेल, कोळंबी आणि खेकडे नाहीत. मागच्या खेपेला एका मावशींनी ही गोरी-सावळी पोरं बघितली, कुठली म्हणून मला विचारलं, आणि मी काही सांगायच्या आत पाटीतली कोळंबी फडक्याखाली ढकलली. “इस्राएलांची पोरां ना? मंग कोलबी नको त्यांना.” मी ते हिब्रूत सांगितल्यावर एक मुलगी मला म्हणाली, “आमच्या शहरातल्या दुकानदारालाही मी काय खाते ते ठाऊक नसतं.”

मग नवगाव. थळच्या पुढे, किनाऱ्याजवळ. समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी. आमची परंपरा सांगते की इथे कुठेतरी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना इथेच पुरलं. जुन्या कबरींवर एक अक्षर नाही. मी मुलांना स्पष्ट सांगते की याला त्या काळचा लेखी पुरावा नाही. कुणी दोन हजार वर्षं म्हणतं, कुणी त्याहून कमी. २०१६ साली जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बेने इस्राएलांमध्ये ज्यू आणि स्थानिक भारतीय असा दोन्हीकडचा वारसा दिसला. म्हणजे आलेली माणसं आणि इथली माणसं, दोघांचीही आम्ही लेकरं.

नवगावला झाडाखाली बसलो की तो प्रश्न येतोच. आजवरच्या प्रत्येक गटात तो कुणीतरी विचारलाय. “मग इथे तुमच्यावर हल्ले कधी झाले?”

मी सांगते, आमच्या आठवणीत तसं काही नाही. ज्यू आहात म्हणून गावातून हाकलल्याचं, घर जाळल्याचं आमच्या घराण्यांत कुणी सांगत नाही.

“एकदाही नाही?”

नाही.

मुलं गप्प होतात. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असेल असं तुम्हाला वाटेल. तसा नसतो, गोंधळ असतो. एक मुलगा म्हणाला होता, “मग तुम्ही ज्यू राहिलात कशासाठी?” त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण त्याच्या मनात पक्कं होतं की बाहेरून दाब असल्याशिवाय माणूस आपलं काही जपत नाही. मित्रहो, या प्रश्नासाठीच मी दरवर्षी नऊ दिवसांची रजा टाकते.

त्याचं उत्तर मी भाषणाने देत नाही. त्यांना गावं दाखवते.

आमची आडनावं तुम्हाला माहीत आहेत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर, किहिमकर, आवासकर, चेऊलकर, अष्टमकर, मापगावकर. शंभराहून जास्त आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात एक गाव आहे. अश्दोद किंवा दिमोनाच्या शाळेत हजेरी घेताना या आडनावाची पार मोडतोड होते, आणि मुलाला ते बदलून टाकावंसं वाटतं. निघण्याआधी आम्ही मुलांना एक कागद देतो. आजी-आजोबांना विचारून तीन गोष्टी लिहायच्या: गावाचं नाव, घरात अजून बोलला जाणारा एक मराठी शब्द, आणि मागे राहिलेल्या एका माणसाचं नाव. शब्दांच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा काय येतं, सांगा? ‘गप बस.’ त्याखालोखाल ‘जेवलास का?’

मग चार-चार जण सहा आसनी रिक्षात बसून आपापल्या गावाला जातात. ज्यांचं गाव इथे नाही ती मोरोक्को-पोलंडवाली मुलं मित्राबरोबर जातात. दरवेळी काही सापडतंच असं नाही. कधी गावात कुणालाच काही आठवत नाही, आणि मुलं शाळेच्या मैदानात क्रिकेट खेळून परत येतात.

एकदा पेण तालुक्यातल्या एका गावात ऐंशीच्या पुढचे एक आजोबा भेटले. त्यांनी आम्हाला गोठ्यामागे नेलं. तिथे घाण्याची दगडी उखळ पडलेली होती, तीत गुरांना पाणी ठेवत होते. “ही तुमची,” ते म्हणाले. मुलीने विचारलं, आमच्याबद्दल काय आठवतं? त्यांनी स्वतः काहीच पाहिलेलं नव्हतं, पण आजोबांकडून ऐकलेलं एक वाक्य त्यांच्याजवळ होतं. शनवारी तेल मागायला जायचं नाही, तेल्याचा घाणा बंद असतो.

ती मुलगी बराच वेळ त्या उखळीजवळ उभी होती. रात्री चर्चेत ती म्हणाली, “शब्बाथ आम्ही पाळायचो, पण तो अख्ख्या गावाला ठाऊक होता.” त्या मुलाच्या प्रश्नाचं यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. दाब नसतानाही आम्ही ज्यू राहिलो, त्यात आमचा हट्ट आहेच. पण शनिवारी तेल न मागणारे शेजारीही आहेत.

आता हे ऐकून आपण स्वतःवर खूश होऊन टाळ्या वाजवू नयेत. मुलांना गोड गोष्ट सांगून परत पाठवलं तर ते शिक्षण होत नाही, पर्यटन होतं. म्हणून त्या रात्रीच्या चर्चेत मी दोन गोष्टी सांगतेच. पहिली, तेली म्हणून गावाने आम्हाला ज्या पायरीवर बसवलं, तिथल्या पायऱ्या आम्हीही शिकलो. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. ज्यांची आई इथल्या समाजातली, ते काळे. त्यांच्याशी लग्न नाही, त्यांच्या पंगतीला बसणं नाही. दुसरी गोष्ट इस्राएलमधली. स्वातंत्र्याच्या सुमाराला वीस हजारांच्या आसपास असलेला आमचा समाज हळूहळू तिकडे गेला. १९६० नंतर तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांच्या वेळी मागच्या पिढ्यांची चौकशी करायचा नियम काढला. तुम्ही पुरते ज्यू आहात का, असा तो प्रश्न होता. आपली माणसं १९६४ मध्ये जेरुसलेमला आंदोलनाला बसली. त्यात कोकणातून गेलेल्या नऊवारीतल्या आज्यांचीही लेकरं होती. शेवटी त्या देशाच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं, आणि त्या नियमातून आमचा वेगळा उल्लेख काढला गेला.

हे ऐकताना बेने इस्राएल घरांतली मुलंच सगळ्यात जास्त चकित होतात. त्यांच्या घरी ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते. हजारो मैलांवर राहून जी ओळख कुणी विचारली नाही, ती आपल्या माणसांत पोचल्यावर सिद्ध करावी लागली. एका मुलाने त्याच रात्री आजोबांना फोन लावला. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही अलिबागलाच असतो. शब्बाथला वाहनात बसायचं नसतं, म्हणून सिनेगॉगपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर मुक्काम ठेवावा लागतो. आळीतलं मागेन अबोथ तुम्ही सगळ्यांनी बाहेरून पाहिलंय. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, आणि आता इथे ते सहसा जमत नाहीत. आज अख्ख्या भारतात ज्यू चार-पाच हजार आहेत, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. मागच्या खेपेला आळीतले चौघे आणि गटातले सात मुलगे मिळून अकरा झाले. मुलांच्या चाली वेगळ्या, आपल्या काकांच्या वेगळ्या. दोन कडव्यांनंतर मुलांनी काकांची चाल धरली. प्रार्थना संपल्यावर काका म्हणाले, “आज आमेन म्हणायला माणसं होती.” पोलंडच्या आजोबांचा नातू आणि समाजी हसाजींच्या गोतातला नातू एकाच बाकावर होते.

माझी सोळा वर्षांची मुलगीही त्या सहलीत होती. तिने घरी आल्यावर विचारलं, “दहात मला का मोजत नाहीत?” ती आता या प्रश्नामागे लागलीये, आणि मी तिला थांबवत नाही.

रविवारी सकाळी कब्रस्तानात काम असतं. हा माझ्या आवडीचा भाग, कारण यात थोडं सॉफ्टवेअर आहे. नवगावच्या कबरी मुक्या आहेत, पण नंतरच्या काळातल्या दगडांवर एकाच माणसाबद्दल वर हिब्रूत आणि खाली मराठीत लिहिलेलं असतं. मी एक साधा तक्ता बनवलाय: फोटो, हिब्रू ओळ, मराठी ओळ, साल, गाव. दगडावरचं हिब्रू वर्ष अक्षरांत असतं. अक्षरांचे आकडे करायचे, त्यातून ३७६० वजा करायचे. ५६५० असेल तर साधारण १८९०. अश्दोदची मुलं हिब्रू ओळ फटाफट वाचतात आणि खाली आली की अडतात. म्हणून गेल्या वर्षी आम्ही जवळच्या एका शाळेतली आठवी-नववीची दहा मुलं बोलावली. त्यांना वरची ओळ येत नव्हती, खालची येत होती. बहुतेक दगडांवर हिब्रूत नाव आणि आशीर्वाद असतो. तो माणूस कोणत्या गावचा, काय नोकरी करायचा, त्याच्या मागे कोण रडलं, ते मराठीत असतं. एका दगडाला दोन मुलं लागत होती. दुपारपर्यंत चाळीस दगड वाचून झाले, आणि ‘गप बस’ हा शब्द दोन्हीकडच्यांना येतो हे कळल्यावर तर फारच आवाज झाला.

जाताना मुलं मला हमखास विचारतात, “तू का नाही आलीस तिकडे?” माझ्याकडे काही थोर उत्तर नाही. वडिलांची नोकरी होती, मग माझी पदवी, मग पुणे. माझी मुलगी उद्या जाईन म्हणाली तर मी तिची बॅग भरून देईन. आणि म्हणूनच आज हे तुमच्यापुढे बोलतेय. अजून वीस वर्षांनी या मुलांची मुलं आडनावाचा कागद घेऊन इथे उतरली, तर दाखवायला इस्राएल आळीतलं कुणी असेल याची मला खात्री नाही. तेव्हा कुणाला काय ठाऊक असेल, ते तुमच्या घरांवर ठरणार आहे.

म्हणून माझी तीन कामं आहेत, आणि ती आपल्या तुकडीला जमणारी आहेत. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर ‘शनवार तेली’ म्हणून विचारा आणि सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करा. ज्यांची गावात वट आहे, सरपंच-उपसरपंच आपल्यात तिघे आहेत, त्यांनी गावच्या इस्राएल कब्रस्तानाची हद्द एकदा मोजून सातबाऱ्यावर काय नोंद आहे ते बघून ठेवा. आणि हेडमास्तरांना माझी विनंती आहे की पुढच्या डिसेंबरात एका रविवारसाठी आपल्या शाळेची नववीतली दहा मुलं द्या. डबा आमच्याकडून. कोळंबी नसेल, पण नारळाच्या दुधातली सोलकढी भरपूर असेल.

अजून दोनशेच्या वर दगड वाचायचे राहिलेत, आणि खालची ओळ आपल्या मुलांनाच येते.